हेमेलवार्डच्या मनोऱ्याबद्दल शून्य तक्रारी

हेमेलवार्ड,
शुक्रवार, १५ मे

तीर्थस्वरूप आलेइडा आत्यास,

लुबर्टचा नमस्कार आणि आपल्या घरच्या रीतीने दोन्ही गालांवर मिळून तीन पाप्या. (चौथी फ्रेंच लोक घेतात. त्यांना वेळ असतो.)

तुझी तब्येत उत्तम असणार हे धरून चालतो. मनगटाची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण गेल्या खेपेला केली तेव्हा तू उलट टपाली "मनगट जागच्या जागी आहे" एवढंच लिहून बाकीचं पोस्टकार्ड कोरं सोडलंस. याकोमिनाबाईंना माझा नमस्कार सांग. दोघी मैत्रिणी तिकडे झेलँडला समुद्रकाठी एका घरात राहता, रोज बांधावरून सायकल हाणता आणि वाऱ्याला शिव्या देता असं कळतं. ऐकून बरं वाटलं. इकडे सगळं क्षेम आहे. बाबा ठीक आहेत. तुझ्या भावाला पंचाहत्तरीत जितकं ठीक असता येतं तितके आहेत, फक्त अंडी खाईनासे झालेत, त्याबद्दल पुढे लिहितो. या पत्रात मला तुझ्याकडे काहीही मागायचं नाही. नुसतं इकडचं कळवावं, कारण गावातल्या गोष्टी लोकांकडून उलटसुलट तुझ्या कानावर जातात, त्यापेक्षा ज्याने घोळ घातला त्याच्याकडूनच गेलेल्या बऱ्या.

सुरुवात बाबांच्या वाढदिवसाला झाली. नेहमीप्रमाणे खुर्च्यांचा गोल, आलेला प्रत्येक जण गोलातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतोय (माझंही केलं, वडील वर्षाने मोठे झाले यात माझं कर्तृत्व ते काय), आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत नगरसेविका हिलेखोंडाबाई. चौतीस वर्षं मनोऱ्यातल्या घंटा वाजवल्यावर तू बर्फावरून घसरलीस, हात प्लास्टरमध्ये घातलास आणि महापौरांच्या टेबलावर एका ओळीचा राजीनामा ठेवून निघून गेलीस, त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. तुझ्या जागी कुणी मिळत नव्हतं. तू वर्षातून दोनदा खिळे बदलून ठेवायचीस ते मनोऱ्यातलं तांब्याचं पिंप दर पावतासाला फिरून, खिळ्यांनी घंटांचे हातोडे उचलत, एकटंच तुझी जुनी सुरावट वाजवत होतं, आणि जानेवारीत त्याचंही चाक मोडायला आलं. अशा वेळी हिलेखोंडाबाईंनी मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?" माणसाने वाढदिवसाच्या गोलात बसून कधी खरं उत्तर देऊ नये. मी दिलं.

मी उट्रेख्तच्या विद्यापीठात फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवतो हे तुला ठाऊक आहे. ते म्हणजे काय हे मी तुला दोन नाताळांत समजावलं आणि दोन्ही वेळा तू भांडी विसळायला उठलीस. पत्रातून उठता येत नाही म्हणून पुन्हा सांगतो. बाकीचे लोक संगणकाला हुकूम सोडतात: हे कर, मग ते कर, आधीचं लक्षात ठेव. आमच्या पंथात हुकूम नाहीत. आमच्याकडे नुसती फंक्शनं, म्हणजे गिरण्या. एका बाजूने गहू घातले की दुसऱ्या बाजूने पीठ. तेच गहू घातले तर तेच पीठ, आज काय आणि दहा वर्षांनी काय. गिरणीला कालची आठवण नाही, शेजाऱ्याशी बोलणं नाही, मनाला येईल ते करणं नाही. याला आम्ही शुद्धता म्हणतो. (आमच्या विभागात आठ जण या शुद्धतेवर विश्वास ठेवतात आणि एकमेकांशी फार कमी बोलतात.) हीच गोष्ट मी संगीताला लावली होती. चार-पाच स्वरांचं बी घ्यायचं. एक फंक्शन ते उलटं करतं, एक वर चढवतं, एक लांबवतं, एक त्याचंच प्रतिबिंब त्याच्या खाली ठेवतं. आणि बघता बघता सुरावट तयार होते, कुणी न रचता. हिलेखोंडाबाईंनी विचारलं, "म्हणजे माणूस लागतच नाही?" मी म्हणालो, "एकदा लावून दिलं की लागत नाही, पण लावताना मात्र..." त्यातलं "पण"च्या पुढचं त्यांनी ऐकलं नाही. त्या आधीच डायरी उघडून तारीख शोधत होत्या.

मार्चमध्ये मनोऱ्यातल्या सत्तेचाळीस घंटांना विजेचे हातोडे लागले आणि माझा प्रोग्रॅम सुरू झाला. मी त्याला बी म्हणून फक्त वेळ दिली होती. सव्वातीन घातले की सव्वातीनची सुरावट. शुद्धतेच्या नियमाने रोज सव्वातीनला तीच, शेवटच्या स्वरापर्यंत तीच. आठवडाभरात नगरपालिकेत तेवीस पत्रं आली. (तक्रारींचं खातं श्री. स्टोफर्स सांभाळतात, तुला आठवत असतीलच. तपकिरी स्वेटर, खिशाला तीन पेनं, तिन्ही काळी.) मी बियात तारीखही घातली. आता रोज वेगळं वाजू लागलं, तर एकतीस पत्रं आली की रोज वेगळं वाजतं, आपण कुठल्या गावात राहतो तेच कळेना. शेवटी मी वेळ आणि तारीख दोन्ही काढून टाकली आणि असं केलं की पुढची सुरावट मागच्या सुरावटीतून उगवेल. आता वाजलेली हीच पुढच्या पावतासाचं बी. उलटी करून, चढवून, लांबवून ती नवी होणार, पण नातं दिसत राहणार, जशी तुझ्या नाकाची ठेवण बाबांत आणि बाबांची माझ्यात. हे लोकांना आवडलं. क्राइन हेरिंगवाला (अजून चौकात त्याच गाडीवर कांदा घालून मासे विकतो) मला गाडीवरून ओरडून म्हणाला, "लुबर्ट, आज पहिल्यांदा कांदा चिरताना दुसऱ्या कशाने रडू आलं!" आत्या, मला अभिमान वाटला. गर्व म्हणालीस तरी चालेल.

आणि लगेच एप्रिलातलं ते लग्न आलं. त्याच्याबद्दल तू तीन ठिकाणांहून ऐकलं असशील, तरी माझी बाजू ऐक. आमच्या पंथाची दुसरी शिकवण आळस ही आहे. थट्टा करत नाही, त्या पद्धतीचं नावच ते. जे कुणी मागत नाही ते करायचंच नाही, मागितलं की तेवढंच करायचं. (नगरपालिकेला हे आम्ही शिकवलेलं नाही.) त्यामुळे माझ्या प्रोग्रॅममध्ये सुरावट खरं तर अनंत असते, ती कधी संपत नाही, आपण तिच्यातून फक्त पाऊण मिनिटाची मागून घेतो. एका मंगळवारी मी काही दुरुस्त्या केल्या आणि त्या करताना "एवढंच घे" ही एक ओळ माझ्या हातून पुसली गेली. बुधवारी पावणेअकराला सुरावट सुरू झाली आणि थांबेना. बाजार भरलेला, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर एक जोडपं उभं, बुधवारी सकाळी लग्न फुकट लागतं म्हणून आलेलं. लग्न लावणाऱ्या बाईंनी तोंड उघडलं की वरून घंटांचा लोंढा. त्या घंटा संपायची वाट बघत राहिल्या. तुझ्या वेळेपासूनची सवय, घंटा वाजताना गावात कुणी महत्त्वाचं बोलत नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वऱ्हाडी हातात तांदळाच्या पुड्या धरून उभे. मुलीच्या बापाने घड्याळ काढलं, परत ठेवलं. मी एकशे शहाऐंशी पायऱ्या धावत चढलो, आणि वर पोचल्यावर आठवलं की तो थांबवायचा लॅपटॉप मी खाली क्राइनच्या गाडीवर, हेरिंगच्या पिंपावर ठेवून आलोय. खाली आलो तर क्राइन म्हणाला, "तुझ्या यंत्राला सांग बाबा, नवऱ्याला टक्कल पडायला लागलं." एकूण बावन्न मिनिटं वाजलं. त्यात एकही स्वर चुकलेला नव्हता, हे मी मुलीच्या बापाला सांगायला गेलो ही माझी त्या दिवसातली दुसरी चूक. एवढं झाल्यावर नगरपालिकेने ठरवलं की झाला तो सराव. आता पाच ते बारा मे हा परीक्षेचा आठवडा, त्यात मुदतीत आलेल्या लेखी तक्रारी मोजायच्या आणि त्यावरून निकाल लावायचा.

पण त्याआधी चार मे होता. चार मेच्या संध्याकाळी आठला काय असतं ते तुला मी सांगायचं कारण नाही. युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळा देश गप्प उभा राहतो, आणि त्या दोन मिनिटांत आपला मनोरा चौतीस वर्षं तुझ्या भरवशावर गप्प राहिला. मला आठवडाभर झोप नव्हती. त्या मिनिटाला जर माझ्या प्रोग्रॅमने एक घंटा जरी वाजवली असती तर मला नाव बदलूनच या गावात पाय ठेवावा लागला असता. टोल्यांचं यंत्र वेगळं आहे, ते दर वर्षीप्रमाणे चर्चचा माणूस बंद करणार होता, राहिली सुरावट. यंत्र नुसतं बंद करणं मला कमीपणाचं वाटलं (इथेच माझं चुकलं असं तू म्हणशील, आणि मी नाही म्हणणार नाही). मी आठ वाजताच्या जागी माझ्या हाताने एक रचना घातली: संपूर्ण मौन. सत्तेचाळीस घंटा, एकही वाजणार नाही. स्मारकापाशी मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. आठ वाजले. सायकली थांबल्या. काही वाजलं नाही. एक समुद्रपक्षी ओरडला, कुणाच्या तरी तान्ह्याला उचकी लागली, बस. दोन मिनिटांनी बँडने राष्ट्रगीत धरलं तेव्हा हिलेखोंडाबाईंनी माझं कोपर दाबलं आणि माझे डोळे भरून आले. मी सव्वाआठच्या गाडीने उट्रेख्तला परत गेलो, ट्रेनमध्ये सगळ्यांकडे बघून हसत.

आता माझ्या प्रोग्रॅमने सव्वाआठला काय केलं ते बघ. त्याने नियमाप्रमाणे मागची रचना बी म्हणून घेतली. ती होती मौन. त्याने मौन उलटं केलं. मौन उलटं केलं तरी मौनच. पाच स्वर वर चढवलं, दुप्पट लांबवलं, खाली त्याचं प्रतिबिंब ठेवलं, आणि तयार झालेलं पाऊण मिनिटाचं मौन अगदी वक्तशीर सादर करून पुढच्या पावतासाच्या हवाली केलं. तिथून पुढे रोज सकाळी सात ते रात्री नऊ, दर पावतासाला एक नवी रचना. मी उट्रेख्तमध्ये बसून रोज नोंदी तपासत होतो. प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं: रचना पूर्ण, चूक नाही. साडेचारशेच्या वर रचना केल्या गं त्याने, आणि खरोखर एकीतही चूक नाही.

मला हे कळलं परवाच्या बुधवारी, तेरा तारखेला, तेही अपघाताने. नगरपालिकेच्या पत्रकासाठी माझा फोटो काढायचा होता. फोटोवाला म्हणाला, अकराच्या ठोक्याला वर मनोऱ्याकडे बघा, ऐकताय असं दाखवा. मी वर बघितलं. अकरा टोले पडले (ते यंत्र दुसऱ्याच दिवशी सुरू केलेलं). टोल्यांनंतर काहीच नाही. मी बघतच राहिलो, तोंड उघडं. तो म्हणाला, "सुंदर, असेच राहा." तो फोटो छापून आलाय, खाली लिहिलंय: स्वतःच्या निर्मितीत तल्लीन.

तिथून मी गावभर फिरलो. क्राइनला विचारलं, मनोरा वाजतोय का? तो म्हणाला, "वाजतोय की! सकाळीच ऐकला." मी म्हटलं, नीट आठव. त्याने सुरी खाली ठेवली, आठवलं, आणि त्याचा चेहरा पडला. "अरे," म्हणाला, "म्हणूनच." पावणेअकराच्या सुरावटीला तो कॉफी प्यायला बसायचा, वीस वर्षं. आठ दिवस कॉफी प्यायलाच नव्हता; डोकं दुखतंय म्हणून कांदेवाल्याशी भांडण करून बसला होता. बेकरीवाल्या येल्ट्येची मनुकांच्या पावांची भट्टी पावणेसातच्या... चुकलो, सात वाजताच्या पहिल्या सुरावटीला उतरायची. तिचे दोन घाणे काळे झाले, तिने भट्टीचं नवं थर्मामीटर घेतलं आणि नवऱ्याला अबोला धरला. नगरपालिकेच्या बैठकांत लोक पावतासाच्या घंटा झाल्या की भाषण आवरतात. घंटा नाहीत म्हटल्यावर पाऊण तासाची बैठक अडीच तास चालली आणि इतिवृत्तात "चर्चेत उत्स्फूर्त सहभाग" अशी नोंद झाली. आणि बाबा. बाबा सव्वासातच्या सुरावटीला अंडी उकळायला टाकतात. सुरावट झाली नाही, म्हणून अंडी टाकली नाहीत, म्हणून खाल्ली नाहीत. पण त्यांना वाटलं की वयामुळे इच्छा मेली. डॉक्टरांकडे जाऊन आले, रक्त तपासलं. मी विचारलं, बाबा, मनोरा ऐकू येतो का? म्हणाले, "येतो तर! हल्ली फार छान वाजतो. त्रासच देत नाही."

मी तसाच श्री. स्टोफर्स यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उघडली. "परीक्षेच्या आठवड्यात तक्रारी: शून्य," म्हणाले. मी म्हटलं, अहो, शून्यच येणार, वाजलंच नाही तर तक्रार कशाची करणार! ते म्हणाले, "न वाजल्याची करता आली असती. त्यासाठी रकाना आहे." आणि खरंच होता, सातवा. मी म्हटलं, मग माझी तक्रार घ्या. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कंत्राटदार आहात. शिवाय मुदत काल दुपारी बाराला संपली." वाईट माणूस नाही तो, आत्या. फक्त त्याच्याही शुद्धतेला कालची आठवण नाही.

हिलेखोंडाबाईंचं तर मी ऐकूनच घेत राहिलो. त्या खुशीत होत्या. "लुबर्ट, या गावाच्या इतिहासात मनोऱ्याबद्दल शून्य तक्रारी कधी आल्या नाहीत! तुमच्या आत्यांच्या वेळी महिन्याला नऊ यायच्या." (खरंय का गं? नऊ?) मी म्हणालो, पण बाई, वाजलंच नाही. त्या म्हणाल्या, "आणि बघा, लोक किती समाधानी!" येत्या मंगळवारच्या सभेत अकरावा ठराव आहे. माझी यंत्रणा कायम. वादकाचं पद रद्द. ज्या लाकडी दांड्यांवर तू मुठी मारून वाजवायचीस ती सगळी चौकट संग्रहालयात, भुसा भरलेल्या पाणमांजराच्या शेजारी. आणि मनोऱ्यातल्या तुझ्या खोलीत फोन कंपनीचा खांब. तक्रार एकही नाही म्हणून ठरावावर चर्चा नाही, महापौरांनी नुसता टेबलावर हातोडा आपटला की मंजूर. बुधवारी सकाळी सुतार येणार. ती चौकट खोलीतच बांधलेली आहे, जिन्यातून अख्खी उतरत नाही. तीन तुकडे करावे लागतील असं सुताराने करवत दाखवून सांगितलं. जोडून पुन्हा वाजेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "दिसेल छान."

मला राग यायला हवा होता, पण मला लाज वाटली. मी दोन महिने त्या मनोऱ्यासाठी संगीत करत होतो आणि आठ दिवस तो मुका आहे हे मला नोंदी वाचून कळलं नाही, कारण नोंदींत चूक नव्हती. काल मी वर तुझ्या खोलीत गेलो होतो. दांड्यांवर जिथे तुझ्या मुठी पडायच्या तिथे लाकूड खोलगट झालंय, डावीकडे जास्त. असं झिजणं कुठल्या फंक्शनमध्ये घालायचं मला माहीत नाही आणि ते मला येत नाही हे लिहायला मला आज काही वाटत नाही.

असो. बाकी ठीक. तिकडे वारा कसा आहे ते कळव. याकोमिनाबाईंना पुन्हा नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाचा,
लुबर्ट

ता. क. प्रोग्रॅम मी बुधवारीच दुपारी दुरुस्त केला; दहा मिनिटांचं काम होतं (मागची रचना मौन असेल तर तिच्या मागची घे). तेव्हापासून मनोरा पुन्हा वाजतोय. बाबांनी काल दोन अंडी खाल्ली आणि डॉक्टरांना फोन करून औषध लागू पडल्याचं कळवलं. आज सकाळपर्यंत श्री. स्टोफर्सकडे चार तक्रारी आल्यात: आवाज फार होतो. पण त्या मुदतीनंतरच्या, म्हणून मोजता येत नाहीत.

आणखी एक ता. क. येल्ट्ये सांगत होती की बेकरीत रोज अकराला दोन-तीन मिनिटं कमी असताना एका बाईंचा फोन येतो. त्या मनुकांचा पाव शिल्लक आहे का विचारतात, मग हवा कशी आहे विचारतात, मग नुसताच फोन धरून राहतात, आणि अकरा वाजून गेले की "बरं, बघते" म्हणून ठेवतात. पाव आजवर एकदाही घेतलेला नाही. दीड वर्षं हे चाललंय. येल्ट्ये म्हणते, "आवाज बदलून बोलतात. मला ओळखू येत नाही असं त्यांना वाटतं. वाटू दे बापड्यांना. मी आपली फोन खिडकीत धरते." पाच मेला त्या बाईंनी एका दिवसात तीनदा फोन केला.

शेवटचा ता. क. आज दुपारी श्री. स्टोफर्सनी मला बोलावून फाईलच्या तळाचा एक कागद दाखवला. तक्रार आहे. झेलँडच्या पोस्टाचा शिक्का, तारीख सात मे, म्हणजे मुदतीतली. मजकूर एवढाच: "सोमवार संध्याकाळपासून मनोरा बंद आहे. तिथे कुणी मेलंय का?" खाली सही नाही, म्हणून त्यांनी ती मोजली नव्हती. पण नियम असा आहे की लिहिणाऱ्याने स्वतः येऊन त्यांच्यासमोर सही केली तर तक्रार शिक्क्याच्या तारखेपासून धरली जाते, आणि मग अकरावा ठराव नुसत्या हातोड्याने मंजूर होत नाही, त्यावर बोलावं लागतं. मंगळवारी सभा साडेसातला आहे. त्यांचं टेबल दाराशीच असतं, सातपासून. कुणी लिहिलंय ते मी त्यांना सांगितलेलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. चौतीस वर्षं तुझे रजेचे अर्ज त्यांच्याच हातून गेलेत. त्यांनी फक्त एक काळं पेन काढलं आणि त्या कागदाच्या तळाशी, जिथे सही करायची तिथे, एक बारीक फुली मारून ठेवली.